मुलांसाठी ग्रीफ काउन्सेलिंग (घरातलं माणूस गेल्यावरचं समुपदेशन), कर्वे रोड, पुणे: काम उत्तम, पार्किंग शून्य

चार स्टार देतीये, एक पार्किंग आणि रिसेप्शनसाठी कापलाय. आतल्या गल्लीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, फोर व्हीलर तर विसराच, मेट्रोने नळ स्टॉपला उतरून चालत या.

माझे सासरे हार्ट अटॅकने अचानक गेले. मुलगा सहा वर्षांचा, शाळेची ने-आण, संध्याकाळी तळजाई, सगळं आजोबांबरोबर. तेराव्यापर्यंत घरात पाहुणेच पाहुणे आणि जो येईल तो त्याला सांगतोय की आजोबा बाप्पाकडे गेले. आता या वयाच्या पोराला बाप्पाबद्दल पक्कं काय माहितीये, तर त्याला पाण्यात सोडतात आणि तो पुढच्या वर्षी परत येतो, त्यात आळंदीला अस्थी सोडताना यानं पाहिलेलं, झालं, हा कालनिर्णयमध्ये गणेश चतुर्थी शोधत बसला. मग रात्री गादी ओली व्हायला लागली, शाळेच्या वेळेला रोज पोटात दुखायचं. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, त्यांनीच काउन्सेलरकडे जा म्हणून सांगितलं.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर मुलाला न बघताच बारा सेशनचं पॅकेज, तेही ॲडव्हान्स. इथे तसलं काही नाही. इथल्या काउन्सेलर मॅडमनी पहिल्यांदा आम्हालाच बोलावलं, पोराला घरी ठेवा म्हणाल्या, आणि खरं सांगू का, पैसे वसूल झाले ते याच सेशनमध्ये. या वयात गेलेलं माणूस परत येत नाही हे अजून नीट कळायचं असतं, म्हणून साध्या शब्दांत सांगायचं की आजोबा वारले, त्यांचं हृदय बंद पडलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत. 'झोपलेत' तर अजिबात म्हणायचं नाही, मुलं झोपायलाच घाबरतात. सासूबाई भडकल्या, लेकरापुढे असं अभद्र बोलतात का! मॅडमनी त्यांना वेगळं बसवून घेतलं, आत काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण तोवर बाथरूममध्ये नळ सोडून रडणाऱ्या सासूबाई त्यानंतर नातवाला जवळ घेऊन रडायला लागल्या.

मुलाबरोबर गप्पा कमी आणि खेळ जास्त. वाळूचा ट्रे, छोटी माणसं, घरं, गाड्या. हा दरवेळी ॲम्ब्युलन्स उचलून वाळूत पुरायचा आणि वरून हातानं थापटायचा, मॅडम नुसत्या बघत बसायच्या. एक दिवस थापटता थापटताच म्हणाला, मी आजोबांशी कट्टी केली होती ना, म्हणून ते मेले. घरात कुणाला पत्ताच नव्हता! लहान मुलांना आपल्यामुळेच असं झालं असं वाटणं कॉमन आहे म्हणे, त्यामुळे तुझ्या कट्टीने काही झालं नाही हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि मूल रडून पाच मिनिटांत खाली क्रिकेट खेळायला पळालं की नातेवाईक म्हणतात विसरला बघा, तर तेही तसं नसतं, मुलांचं दुःख असंच येऊन-जाऊन असतं.

आता गादी कोरडी आहे, पोटदुखी क्वचित. मॅडमनी स्वतःहून सांगितलं की आता यायची गरज नाही, शाळेचं किंवा झोपेचं पुन्हा बिघडलं तर फोन करा.

तक्रारी: पालकांच्या सेशनचे पैसे वेगळे लागतात हे आधी कुणी सांगत नाही, फी फोनवरच विचारून घ्या. व्हॉट्सॲपला दोन दोन दिवस रिप्लाय नाही. वेटिंगला दोनच खुर्च्या, आजी-आजोबांना घेऊन गेलात तर तुम्ही जिन्यात. फी झेपत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. शनिवारचे स्लॉट लगेच भरतात, आठवड्याच्या सुरुवातीलाच फोन लावा.