ग्रासमिअरचे जिंजरब्रेड आणि जुन्या शाळेतले दुकान

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत वसलेल्या ग्रासमिअर या खेड्यात बहुतेक मराठी पर्यटक येतात ते विल्यम वर्ड्सवर्थच्या ओढीने. त्याची डॅफोडिलच्या फुलांवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलेली असते, त्यामुळे डव्ह कॉटेज हे त्याचे घर आणि सेंट ऑसवाल्ड चर्चच्या आवारातली त्याची समाधी पाहिली की ग्रासमिअर पाहून झाले, असे वाटते. परंतु त्याच आवाराच्या दाराला लागून एक ठेंगणी, पांढरी वास्तू आहे, तिच्यात ‘ग्रासमिअर जिंजरब्रेड शॉप’ हे सुंठेच्या गोड वड्यांचे दुकान चालते आणि माझ्या मते या गावाचे बालपण जाणून घ्यायचे असेल, तर कवीच्या घराइतकाच वेळ या दुकानाला द्यायला हवा.

ही वास्तू 1630 मध्ये गावची शाळा म्हणून बांधली गेली आणि 1854 पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे, गावातली मुले इथेच शिकली. वर्ड्सवर्थ, त्याची बहीण डोरोथी आणि पत्नी मेरी यांनीही इथे काही काळ शिकवले. 1811 ते 1813 या काळात हे कुटुंब चर्चसमोरच्याच धर्मगुरूंच्या घरात राहत होते. तिथे असतानाच 1812 मध्ये कवीची तीन वर्षांची कॅथरिन आणि सहा वर्षांचा टॉमस ही दोन मुले काही महिन्यांच्या अंतराने गेली. दोघांच्याही समाध्या शेजारच्या आवारात आहेत. दुकानासमोरच्या रांगेत उभे असताना त्या आवारातले दगड सहज दिसतात आणि शाळा, खेळ, आजारपण, मृत्यू हे सारे त्या काळच्या खेड्यात किती थोड्या पावलांच्या अंतरात सामावलेले होते, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

दुकान आतून फारच लहान आहे. मोजकीच गिऱ्हाइके एका वेळी उभी राहू शकतात, त्यामुळे हंगामात बाहेर थांबावे लागते, पण वड्या भाजल्याचा वास रांगेपर्यंत येत असल्याने ते थांबणे जड जात नाही. काउंटरमागच्या बायकांचा पोशाख व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असतो. पांढऱ्या टोप्या आणि झालरीचे ॲप्रन हा नुसता देखावा ठरेल, अशी मला शंका होती. प्रत्यक्षात त्यांचे हात इतक्या सराईतपणे चालतात, की पोशाखाकडे लक्षच राहत नाही. वड्या निळ्या छपाईच्या पातळ कागदात घट्ट बांधून मिळतात. त्या पुडीला पिशवी किंवा खोके नसले तरी चालते, इतकी ती नेटकी असते.

आता मूळ पदार्थाविषयी. जिंजरब्रेड म्हटल्यावर मऊ, काळपट केक किंवा माणसाच्या आकाराचे बिस्किट डोळ्यांसमोर येते, पण ग्रासमिअरची वडी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ती पातळ आणि चौकोनी असते. खालचा थर दाबून बसवलेला, किंचित चिवट आणि वर सैल, रवाळ भुगा. पहिला घास घेताना हा भुगा हमखास कपड्यांवर सांडतो, म्हणून कागद हनुवटीखाली धरूनच खावे. सुरुवातीला फक्त गोडी जाणवते, मग चावता चावता सुंठेचा झणका हळूहळू घशापर्यंत उतरतो आणि बराच वेळ रेंगाळतो. आपल्या आलेपाकाची आठवण येते खरी, पण आलेपाकात आल्याचा तिखटपणा आधी लागतो, इथे तो शेवटी येतो. माझ्या जिभेला साखर थोडी जास्त वाटली. बिनसाखरेच्या कडक चहाबरोबर मात्र ती वडी अगदी योग्य लागते. थंडीवाऱ्यात डोंगर चढून आलेल्या माणसासाठी याहून चांगला खाऊ मला सुचत नाही.

ही पाककृती सारा नेल्सन या बाईची. मोठ्या घरांमध्ये स्वयंपाकाचे काम केलेली सारा, थडगी खणण्याचे आणि शेतमजुरीचे काम करणारा नवरा विल्फ्रेड आणि त्यांच्या मुली असे हे गरीब कुटुंब होते. शाळा नव्या जागी गेल्यावर ही रिकामी वास्तू त्यांना राहायला मिळाली आणि 1854 मध्ये साराने दारातच जिंजरब्रेड विकायला सुरुवात केली. तिला गिऱ्हाईक मिळाले, यामागे रेल्वेचा मोठा हात होता. 1847 मध्ये जवळच्या विंडरमिअरपर्यंत आगगाडी आली आणि शहरांतले पर्यटक या खोऱ्यांत येऊ लागले. याच रेल्वेला 1844 मध्ये वर्ड्सवर्थने जाहीर विरोध केला होता. तो 1850 मध्ये वारला, त्यामुळे त्याच्याच जुन्या शाळेत भाजलेली ही वडी त्याने कधी चाखली नाही, पण तिला गिऱ्हाईक मिळवून दिले ते त्याच्या नावाने आणि त्याला नको असलेल्या गाडीने. साराच्या मुली क्षयाने तरुणपणीच गेल्या, नवराही तिच्या आधी गेला. ती मात्र काम करत राहिली आणि 1904 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी वारली. पाककृती आज बँकेच्या तिजोरीत ठेवलेली आहे, असे दुकान सांगते. मला त्या गुपितापेक्षा या बाईच्या चिकाटीचे मोल अधिक वाटते.

जिंजरब्रेड मात्र गावात त्याआधीही होते. डोरोथीच्या रोजनिशीत 16 जानेवारी 1803 ची एक हृद्य नोंद आहे. कडाक्याची थंडी पडलेली असताना विल्यमला जिंजरब्रेड खाण्याची लहर आली, म्हणून ती मॅथ्यू न्यूटन या अंध विक्रेत्याच्या घरी गेली. तिला जाड प्रकारचे हवे होते. त्यांच्याकडे ते नव्हते, तरी तिने जे होते त्यातले सहा पेन्सचे घेतले. पैसे हाती पडताच त्या घरातल्यांना इतके बरे वाटले, की आपण घरीच जिंजरब्रेड करणार आहोत, हे सांगणे तिच्या जिवावर आले. खेड्यातल्या गरिबीचे आणि शेजारधर्माचे इतके नेमके चित्र मला अन्यत्र क्वचितच वाचायला मिळाले.

मुलांशी या पदार्थाचे नाते तर सणाचे आहे. चर्चची जमीन मातीची होती तोवर ऊब आणि स्वच्छता यांसाठी तिच्यावर दरवर्षी ताजे लव्हाळे अंथरत. 1840 च्या सुमारास फरशी बसली आणि गरज संपली, तरी लव्हाळ्यांची मिरवणूक गावाने चालूच ठेवली. आजही जुलैतल्या एका शनिवारी सहा मुली तागाच्या कापडावर लव्हाळे धरून चालतात, बाकीची मुले फुलांनी आणि लव्हाळ्यांनी सजवलेल्या आकृत्या वाहून नेतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर जिंजरब्रेड पडते.

या डोंगराळ भागात सुंठ आली कशी, हा प्रश्न दुकानातून बाहेर पडताना मनात येतोच. जवळच्या व्हाइटहेवन बंदरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडिजमधली साखर, रम आणि सुंठ उतरत असे आणि तो माल गुलामांच्या श्रमांवर पिकलेला होता. दुकानात मिळणारे रम बटर, म्हणजे रम आणि साखर घातलेले लोणी, हीसुद्धा त्याच व्यापाराची आठवण आहे. खेड्याच्या गोड आठवणींच्या इतिहासात ही बाजू धरूनच चालले पाहिजे.

विंडरमिअर स्थानकावरून 555 क्रमांकाची बस थेट ग्रासमिअरला जाते, म्हणून गाडी आणि तिच्या पार्किंगची काळजी करू नये. शक्यतो सकाळी लवकर जावे. घरात अंडे, लोणी यांचे पथ्य असेल तर घटकांची यादी आधी वाचून घ्यावी. एक पुडी तिथेच, चर्चच्या आवाराबाहेरच्या बाकावर बसून संपवावी आणि दुसरी घरासाठी घ्यावी. घरी आल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण हवा लागली की खालच्या थराचा चिवटपणा जातो.