सरांचं चित्र घरात असेल तर मालवणातल्या या फ्रेमवाल्या काकांकडेच न्या

काल संध्याकाळी आमचं, आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी काढलेलं चित्र फ्रेम होऊन घरी आलं. सव्वादोन महिने काकांच्या दुकानात होतं आणि तेवढे दिवस हॉलमधली ती भिंत बघवत नव्हती, नुसता खिळा आणि चौकोनी डाग. रात्री जेवायच्या आधी घरातले सगळे एकेक करून त्याच्यासमोर जाऊन उभे राहून आले, म्हणून म्हटलं आजच लिहून टाकते, नाहीतर कामात राहून जाईल.

दुकान मालवणच्या बाजारपेठेत आहे, भरडावरून बंदराकडे जाताना. बोर्डावर फक्त 'फोटो फ्रेम' एवढंच, तेही पावसाच्या ताडपत्रीने अर्धं झाकलेलं. बाहेर देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, कोणाच्या आजोबांचा हार घातलेला फोटो, त्यामुळे बाहेरून बघून कळतच नाही की आत असं काही काम होत असेल. मी स्वतः इतकी वर्षं त्याच्यासमोरून मासे घेऊन गेलेय.

आता सर म्हणजे कोण ते इकडच्या माणसाला सांगायला लागत नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सर गेल्यापासून सरांच्या घरी वहिनींच्या दारात अनोळखी लोक चित्रं विकत मागायला यायला लागलेत आणि त्यांना त्याचा त्रास होतो. हायस्कूलला ड्रॉइंग शिकवायचे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायचे, आणि रविवारी सायकलला बोर्ड बांधून पहाटे चित्रं काढायला समुद्रावर, चिवल्याला नाहीतर सर्जेकोटला. मोठ्या शहरात प्रदर्शन वगैरे काही नाही. चित्रं इथेच गेली सगळी, कोणाच्या लग्नात भेट म्हणून, कोणाकडे औषधपाण्याच्या बदल्यात, कोणाला नुसतं आवडलं म्हणून. त्यामुळे आता ती इथल्याच घरांत आहेत, आणि इथल्या घरांत म्हणजे चिऱ्याच्या भिंतीवर, खारी हवा, चार महिने पाऊस. जलरंग, कागदावरचे. काय होत असेल त्यांचं ते तुम्हीच समजा.

आमच्याकडचं चित्र अप्पांनी घेतलेलं. चिवल्याची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढतात ती, पहाटेची, डावीकडे सुरूची झाडं आणि दोर ओढणारी माणसं पाठमोरी, अगदी दोन-दोन फटकाऱ्यांत काढलेली, पण कोण म्हातारा आणि कोण पोरगा ते पाठीवरून कळतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमचे मागचे पत्रे उडाले आणि पाणी भिंतीवरून थेट फ्रेमच्या आत. लाईट कितीतरी दिवस नव्हती, पंखा नाही, आणि आम्ही घर सावरायच्या गडबडीत चित्र पलंगाखाली उभं करून ठेवलं ते ठेवलंच. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. नंतर बहिणीने शहरात नेऊन एका मोठ्या चकाचक दुकानात दिलं, त्यांनी काय केलं तर नवीन काच घातली, मागे नवीन एमडीएफ मारला आणि कागद काचेला अगदी घट्ट टेकवून बंद करून दिलं. दिसायला छान. दुसऱ्या पावसाळ्यात आभाळात तपकिरी ठिपके आले आणि एका कोपऱ्यात कागद काचेला धरला. मी रडले हो, खरंच सांगते.

काकांकडे नेलं ते शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून. काकांनी फ्रेम हातात घेतली, पुढून बघितलंच नाही, पहिली उलटी केली. मागचा टेप नखाने खरवडला, वास घेतला, आणि म्हणाले, "ह्या आता उघडूचा नाय. आधी सुकूक व्हया." जून होता. पावसात ते कागदाची फ्रेम बंद करतच नाहीत, हवेतला दमट आत कोंडला तर तोच आत बुरशी करतो म्हणून. देवांचे लॅमिनेट केलेले फोटो वर्षभर करतात, पण सरांचं चित्र असेल तर नारळी पौर्णिमेनंतर. हे ज्यांना घाई आहे त्यांनी आधीच लक्षात घ्या, मुंबईहून गणपतीला येऊन चार दिवसांत करून द्या म्हणणाऱ्यांना ते सरळ नाही म्हणतात, माझ्यासमोर दोघांना सांगितलं.

मी तेव्हा रोज दुकानावरून जायची म्हणून उघडताना हजर राहायला मिळालं. आडवं ठेवून खिळे एकेक करून काढले, गंजलेले, दोन तर हातातच तुटले. काचेला धरलेला कोपरा ओढला नाही, पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवत सरकवत अर्धा तास घेतला, तरी चण्याएवढा रंग काचेवर राहिलाच, तो राहिला म्हणून काकाच माझ्यापेक्षा जास्त हळहळले. बुरशी ओल्या फडक्याने नाही पुसायची, तोंडाला मास्क बांधून बाहेर पडवीत, मऊ ब्रशने कोरडीच झाडायची. ठिपके पूर्ण जाणार नाहीत हेही त्यांनी आधीच सांगितलं, घासून घालवले तर सरांचा रंगपण जाईल.

आणि मग जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला तेव्हा जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. वरच्या कडेला, माउंटच्या खाली इतकी वर्षं झाकलेली बोटभर रुंदीची पट्टी होती, आणि ती गुलाबी होती. गुलाबी-जांभळी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. खाली अगदी रेघ मारल्यासारखी हद्द आणि तिथून पुढे आम्हाला माहीत असलेलं करडं-निळं आभाळ. आम्ही लहानपणापासून त्या चित्राला पावसाचं चित्र म्हणतो! अप्पा तर सांगायचे की बघ, पाऊस येईल म्हणून माणसं घाईत आहेत. काका म्हणाले, "सरांचा आभाळ गुलाबी होता गो. उजेडान खाल्ला." मग त्यांनी समजावलं की तो जुना किरमिजी रंग, अलिझरिन क्रिमझन, उजेडात हळूहळू उडतो आणि निळा टिकतो, सर पहाटेला दोन्ही मिसळायचे, त्यामुळे किरमिजी उडाला आणि नुसता निळा मागे राहिला. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ. अप्पा गेले ते पावसाचं चित्र समजूनच गेले. पण त्यांनी घेतलं तेव्हा तरी ते गुलाबीच असणार ना, तेव्हा बघितलं असणार त्यांनी, आणि मग रोज थोडं थोडं उडत गेलं ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी म्हटलं ती पट्टी दिसेल असा माउंट कापा. काका नको म्हणाले, उजेडात ठेवलीस तर तीपण जाईल, झाकून ठेव. त्यांनी पट्टीचा फोटो काढून प्रिंट केला आणि फ्रेमच्या मागे पाकिटात घालून दिला. मला आधी पटलं नव्हतं, आता पटलंय.

बाकी काम म्हणजे, माउंट बोर्ड अॅसिड-फ्री, तो कोल्हापूरहून मागवतात. चित्र चिकटवलेलं नाही, वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने लावून नुसतं टांगलंय, म्हणजे कागद पावसात फुगला-आकसला तरी त्याला जागा आहे आणि उद्या कोणाला काढायचं झालं तर पाणी लावून सुटेल. काच आणि कागदाच्या मध्ये बारीक फट. मागे प्लायवूड नाही, पन्हाळीवाली प्लास्टिक शीट, वाळवीला त्यात काही खायला नाही. आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागून वारा जातो. मला सगळ्यात हे आवडलं. चिऱ्याची भिंत पाणी पिते हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण चित्र तिच्यापासून अर्धा इंच लांब ठेवावं हे कोणाला सुचलं नाही.

काकांकडे एक वही आहे, शाळेची लांब वही, पुठ्ठा घातलेली. सरांचं कुठलंही चित्र दुकानात आलं की त्याची नोंद त्यात होते. माप, कागद, मागे काय लिहिलंय, कुठली जागा, कोणाकडून कोणाकडे आलं, आणि शेवटी मालकाला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायला लावतात, सरांची काही आठवण असेल तर. फ्रेमच्या मागे पण चिठ्ठी लावतात सरांच्या नावाची. का म्हणून विचारलं तर म्हणाले, आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसात आहे, तेही जलरंगातलंच, आणि अजून कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं तर आमच्या सरांचं नाव कोण लक्षात ठेवणार, मागे लिहिलेलं बरं. हे ऐकल्यावर मी घरी येऊन आमच्याकडच्या सगळ्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहिली.

वही वाचायला देतात, चहा पण देतात. मी तीन दुपारी बसून वाचली. एका डॉक्टरांनी लिहिलंय की सरांच्या आईच्या तपासणीचे पैसे ते घेत नव्हते तर सर दर दिवाळीला एक छोटं चित्र टेबलावर ठेवून न बोलता निघून जायचे, तशी अकरा आहेत. एका खानावळवाल्यांकडे दशावताराची तीन स्केचेस आहेत, रात्रीच्या नाटकात बसल्या बसल्या जाहिरातीच्या कागदामागे काढलेली, संकासुराच्या एका चित्रावर सोलकढीचा डाग आहे आणि त्यांनी काकांना बजावून सांगितलंय की तो डाग काढायचा नाही कारण तो सरांच्या वाटीतून सांडलेला आहे. शाळेतल्या एका मुलाने (आता तोही साठीचा) लिहिलंय की सर त्याच्या चित्रावर कधी हात लावायचे नाहीत, बाजूला दुसऱ्या कागदावर काढून दाखवायचे आणि तो कागद त्यालाच द्यायचे, असे सात कागद त्याने जपून ठेवलेत. हे मला एकदम आठवलं, माझ्यापण बाजूला काढून दाखवलेलं नारळाचं झाड होतं. मी ते टाकून दिलं असणार.

एक दिवस तर दुकानात वादच झाला. मुंबईहून आलेले एक गृहस्थ, त्यांच्याकडे सरांची चौदा चित्रं आहेत, फाईल घेऊन आलेले, त्यांचं म्हणणं एक चित्र कोळंबच्या खाडीचं आहे आणि तिथे बसलेल्या, मालवणातल्याच दांडी भागातल्या एका म्हाताऱ्यांचं म्हणणं सर्जेकोटचं. दोघेही हटेनात. मग कोणीतरी भिंग आणलं, होडीचा नाळ कुठल्या बाजूला, पाणी कुठल्या बाजूला उतरतंय, शेवटी एक होडी ओळखली गेली, ती त्या दांडीच्या म्हाताऱ्यांच्या भावाचीच निघाली. मुंबईच्या गृहस्थांनी लगेच फाईलमधली चिठ्ठी खोडून सर्जेकोट लिहिलं. तेच सांगत होते की सर चित्रकार प्र. अ. धोंडांना फार मानायचे, धोंडांचे समुद्र बघायला एकदा रात्रीच्या एसटीने मुंबईला गेले आणि दुसऱ्या रात्रीच्या एसटीने परत आले, मध्ये कुठेच गेले नाहीत.

आता अडचणीच्या गोष्टी पण लिहायला हव्यात. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद. फोन उचलतीलच असं नाही, हातात काम असेल तर नाहीच. गाडी लावायला जागा नाही, गाडी लांब ठेवून चालत या. उजेड अडवणारी काच हवी असेल तर बाहेरून मागवावी लागते आणि तिला एक महिना जास्त धरा, मी थांबले. फ्रेमच्या कोपऱ्यांचं फिनिशिंग शहरातल्या मशीनसारखं गुळगुळीत नाही, हाताने कापतात, एका कोपऱ्यात केसाएवढी फट दिसते. आणि कोणी आधी गमने पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र घेऊन गेलात तर ते हात लावत नाहीत, परत पाठवतात, त्यांना वाईट वाटतं पण पाठवतात. मला सगळं मिळून चार हजार आठशे पडले, सागवानी फ्रेम आणि ती काच धरून. स्वस्त नाही. बहिणीने शहरात याच्यापेक्षा जास्त दिले होते.

नेताना एक करा, चित्र तुमच्याकडे कुठून आलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जा, वहीत लिहायचं असतं. मला अप्पांनी ते कितीला आणि कधी घेतलं ते सांगता आलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, पैसे नाही दिले, सर पहाटे बोर्ड घेऊन जाताना आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चहाला थांबायचे, ते चहाचं आहे. मी तेच लिहिलं.

काल चित्र घ्यायला गेले तेव्हा दांडीचा एक पोरगा होडीची तुटलेली फळी घेऊन आलेला, जुन्या होडीवर आजोबांनी सरांकडून नाव लिहून घेतलं होतं, बदल्यात चार सुरमया दिल्या म्हणे, होडी मोडली तेव्हा तेवढी फळी बाजूला काढून ठेवली. अक्षरं अर्धी गेलीयत पण वेलांटी बघितल्याबरोबर सरांची हे कळतं, फळ्यावर असंच लिहायचे. काकांनी फळी मांडीवर घेतली, उलटी केली, वास घेतला. "ह्येका काच नको," म्हणाले, "वारो लागांदे." वहीत तिची पण नोंद झाली. पुढच्या महिन्यात तयार होईल म्हणालेत, मी बघायला जाणार आहे.