सायकल छताला टांगायची कप्पी : आठ महिने वापरल्यानंतर

ही कप्पी मला आवडली आहे. पण खोक्यात जे स्क्रू येतात ते वापरू नका, हे मी सगळ्यात आधी सांगणार.

माझी सायकल रोजच्या वापराची, लोखंडी सांगाड्याची. कॅरियर, मडगार्ड, स्टँड सगळं आहे. वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहिले, मग सायकल उचलून उभी राहिले. फरक आला १७ किलो. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखरा आहे, त्यामुळे सायकल उचलून भिंतीवरच्या हुकाला अडकवणं जमेना. या कप्पीत प्रत्येक हुकाच्या डोक्यावर एक फिरती पुली आहे, म्हणून ओढताना साधारण निम्मंच वजन हाताला लागतं. दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. सायकल दीड मीटर वर जायला तीन मीटर दोरी. ते मला चालतं.

आता स्क्रूंबद्दल. सोबत प्लास्टिकचे गट्टू दिले होते. भिंतीवर फोटो लावायला ते ठीक, पण छताला वजन सरळ खाली ओढतं, तेही दिवसरात्र. प्लास्टिक हळूहळू ढिलं पडतं आणि स्क्रू गट्टूसकट खाली येतो. माझ्या गॅरेजला काँक्रीटचा स्लॅब आहे. तिथे आम्ही ८ मिमीचे धातूचे अँकर बोल्ट मारले. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय बोल्ट नीट धरत नाही, आणि ती भुकटी थेट डोळ्यांत येते, म्हणून चष्मा लागतोच. एका ठिकाणी ड्रिल सळईला लागलं. तिथे जोर न लावता आम्ही कप्पीची छताला बसणारी पट्टीच थोडी सरकवली. स्लॅबमधून दिव्याची वायर कुठून गेली आहे तेही आधी पाहून घेतलं. माझ्या भावाच्या गॅरेजला लाकडी तुळया आहेत. तिथे तुळईच्या मधोमध आधी बारीक भोक पाडून मग जाड स्क्रू पिळला. फॉल्स सीलिंगच्या नुसत्या पत्र्याला किंवा जिप्समला तर सायकल अजिबात टांगू नये.

सायकल लावण्याआधी दोन्ही हुकांना पाण्याने भरलेली एकेक बादली अडकवली, मिळून २५ किलो, म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या मर्यादेइतकंच. जमिनीपासून वीतभर उंच, रात्रभर. सकाळी बोल्ट जागचे हलले नव्हते, तेव्हा कुठे मन निवांत झालं.

माप आधी घ्या. सीट आणि हँडल यांच्यात जितकं अंतर, तितक्याच अंतरावर छतातल्या पट्ट्या हव्यात. माझ्याकडे ते ६८ सेंमी भरलं. पट्ट्या जास्त लांब बसल्या तर दोऱ्या तिरप्या होतात आणि हूक सीटखालून सटकू पाहतो. उंचीचंही तसंच. छत २.७ मीटर असूनही माझ्या सायकलची चाकं जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर राहतात. त्याखालून चालणाऱ्याच्या कपाळाला चाक लागेल! म्हणून मी ती गाडीच्या बॉनेटवर येईल अशी टांगली. तिथे कोणी चालत नाही.

दोरी अडवून धरणाऱ्या कुलपाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोरी एका बाजूला ओढली की पट्टीतले दात ती पकडतात, दुसऱ्या बाजूला ओढली की सोडतात. तिसऱ्या महिन्यात एकदा दातांनी दोरी धरलीच नाही आणि सायकल हातभर खाली घसरली. दोरी माझ्या हातात होती आणि खाली कोणी नव्हतं. त्या दिवसापासून भिंतीवरच्या खुंटीला आठच्या आकड्यासारखे तीन वेढे दिल्याशिवाय मी हात सोडत नाही. दोरी मनगटाला गुंडाळत तर कधीच नाही. शिवाय छतात वेगळा बोल्ट मारून एक जाड पट्टा सायकलच्या मधल्या दांड्याखालून घेतला आहे. नातू पाच वर्षांचा आहे, त्याला ती दोरी खेळायची वाटते. म्हणून खुंटी माझ्या डोक्याच्या उंचीवर लावली.

ओढताना दोन्ही दोऱ्या एकत्र धराव्या लागतात, नाहीतर पुढचं चाक आधी वर जातं. हँडलला हूक लावताना ब्रेकची केबल त्याखाली चिरडत नाही ना, ते बघायचं. एका हुकावरचं रबर सोललं, तिथे मी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पिशवी, बाटली, कुलूप काढूनच सायकल वर चढवते. बॅटरीची सायकल मी टांगून पाहिलेली नाही. तशा बऱ्याच सायकली २० किलोच्या वर जातात, त्यामुळे आधी काट्यावर ठेवा.

दर महिन्याला स्टुलावर चढून मी नट हाताने चाचपते. कुलपाच्या दातांपाशी दोरीचे धागे आता थोडे उसवले आहेत. येत्या सुट्टीत दोरी बदलणार, पुलीच्या खोबणीत बसेल त्याच जाडीची.