कोपऱ्यावरची पुस्तकपेटी: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या वस्तीत शेजाऱ्यांनीच चालवलेली पुस्तकपेटी मी वर्षभर वापरत आहे आणि तिची उपयुक्तता केवळ पुस्तकांपुरती राहिलेली नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘एक घ्या, एक ठेवा’ एवढाच तिचा नियम आहे. वर्गणी नाही आणि कुलूपही नाही. या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील हडसन या गावी आहे. तेथे टॉड बोल यांनी २००९ साली शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेच्या छोट्या प्रतिकृतीसारखी अशी पेटी घरासमोर उभारली होती.

पुस्तकांची निवड मध्यमच आहे, कारण बालवाङ्मय लगेच संपते आणि जुनी पाठ्यपुस्तके मात्र महिनोन्महिने पडून राहतात. तरीही या सेवेचे खरे मोल तिच्या देखभालीत आहे: कोणी न सांगता काच पुसून जाते, कोणी सुटलेली पाने चिकटवून देते, आणि पेटीपाशी थांबण्याच्या निमित्ताने ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशा माणसांशी बोलणे सुरू झाल्यामुळे एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यांची विचारपूसही आता नियमित होते. (हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.) नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरातील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भिंत रंगवून विद्रूप केलेली असताना रस्त्यावर कागद टाकणाऱ्यांचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेल्याचे आढळले होते, पेटीभोवतीची जागा झाडली जाऊ लागल्यापासून तेथे कचरा घटला, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पावसाचे पाणी मात्र दाराच्या फटीतून आत शिरते. तेथे रबराची पट्टी बसवावी आणि मुलांचा हात पोहोचेल असा खालचा कप्पा जोडावा.