प्लेगनंतरचे इंग्लंड आणि इजिप्त

‘प्लेगने माणसे मेली, पण उरलेल्या मजुरांचे भले झाले,’ हे वाक्य वाचले की मला राहवत नाही. ते इंग्लंडपुरते बरेचसे खरे आहे. इजिप्तमध्ये उलटे घडले.

अलेक्झांड्रियात साथ १३४७ मध्ये पोचली, इंग्लंडमध्ये १३४८ मध्ये. इंग्लंडमधली निदान तिसरा हिस्सा माणसे गेली, इजिप्तचे नुकसानही तसेच प्रचंड. इंग्लंडात जमीन तेवढीच राहिली, राबणारे हात कमी झाले. मजुरी चढू लागताच १३४९ मध्ये राजाने ती जुन्या दरावर बांधली. १३५१ च्या कायद्यात तर खुरपणीला आणि गवत वाळवायला दिवसाला १ पेनी असा दर ठरवला. पण पीक उभे आणि माणूस मिळेना, अशा वेळी मालकच गुपचूप जास्त देत. १३८१ चे शेतकऱ्यांचे बंड चिरडले गेले, तरी वेठबिगारी सैल होत गेली.

नाईलकाठी मात्र शेती पाण्याच्या राखणीवर उभी. पुराचे पाणी बांधांनी अडवायचे, मुरू द्यायचे, वेळेवर सोडायचे. कालव्यांतला गाळ वरचेवर उपसायचा. हे अख्ख्या गावाचे काम. गावच रिकामे झाले, तर फावडे कोण धरणार? गाळ साचला, बांध खचले, कसदार जमीन पडीक झाली. इजिप्तवर तेव्हा राज्य करणारे मामलुक सरदार कैरोत राहायचे, जहागीर मुलाला मिळायची नाही. कालव्याची काळजी कशाला? मेलेल्यांचा वसूलही उरलेल्यांच्या माथी आला, आणि तेही गाव सोडून कैरोची वाट धरू लागले.