पैसे घ्यायला पिन टाकला, आणि २७,००० रुपये गेले

ही हकीकत लिहायला मला चार महिने लागले. आधी वाटायचं, सांगून काय होणार, गेलेले पैसे थोडेच परत येणार आहेत. पण गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड मास्तरांना अगदी तसाच फोन आला. त्यांनी पिन टाकायच्या आत सुनेला हाक मारली म्हणून वाचले. तेव्हा ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

मी पेंटर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. पद्मा, उषा, पार्वती अशा टॉकीजसाठी सिनेमाचे बॅनर रंगवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मांजरपाटाला सरस आणि पांढरा रंग लावून कापड तयार करायचं, फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर पाडायच्या आणि वीतभर चेहरा वीस फूट करायचा. नंतर फ्लेक्स आलं आणि ते काम संपलं. मग दुकानांच्या पाट्या, नंबर प्लेटी, शाळांच्या भिंती. कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द मानानं घेतात. बाबूराव मेस्त्रींना अख्खा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्या माणसानं कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला आणि मूकपट काढले. हे मी शिकवणी घेतल्यासारखं सांगत नाही. हातातल्या कामाला आमच्याकडे काय किंमत आहे आणि त्या कामाचं कुणी कौतुक केलं की माणूस कसा विरघळतो, ते कळावं म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी हिला अर्धांगवायूचा झटका आला. पहाटे उठवायला गेलो तर उजवा हात लुळा आणि तोंड वाकडं. झटका रात्री कधी आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आता एकच शब्द तिच्या तोंडून स्पष्ट येतो, 'अहो'. पाणी हवं असलं तरी अहो, कूस बदलायची असली तरी अहो, पाऊस आला तरी अहो. कुठल्या 'अहो'चा अर्थ काय हे आता मला सुरावरून कळतं.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यामुळे बाहेरची कामं सुटली. भिंतीवर चढलेल्या माणसाला अर्ध्यावर उतरता येत नाही. घरी ऑइल पेंट काढला तर टर्पेंटाइनच्या वासानं तिला ठसका लागायचा. अशात पुतण्यानं एक खोका आणून दिला. आत नॅट या जुन्या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं किट होतं, १:७२ प्रमाणाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. चौकटीला चिकटलेले छोटे छोटे भाग कापायचे, कानस मारायची, जोडायचे, सांध्यांत पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, मग रंग. अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात धुतले जातात, वास नाही. आणि मुख्य म्हणजे ब्रश खाली ठेवून एका मिनिटात उठता येतं. टेबल तिच्या खाटेला लावून घेतलं.

आयुष्यभर लहानाचं मोठं केलं, आता मोठ्याचं लहान करायला लागलो. बॅनर रस्त्यापलीकडून दिसायचा, म्हणून गालावर निळा आणि गुलाबी असे भडक फटके मारायचो. इथं उलटं. दहा सेंटिमीटरच्या विमानावर खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा मारला तर तो काळपट, जड दिसतो. लांबून वस्तू फिकट दिसते, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नाही, दोन विमानं बिघडल्यावर समजलं.

सर्वांत नाजूक काम डिकलचं. कागदावरचं चिन्ह कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायचं. मग ते कागदावरून सुटतं आणि विमानावर अलगद सरकवायचं. एकदा मिग-२१ या लढाऊ विमानाच्या शेपटीवर तिरंग्याची पट्टी बसवत होतो, तर ही डावा हात पुढे करून 'अहो' म्हणाली. मी विमान तिच्यापुढे धरलं. तिनं बोटाच्या टोकानं ती पट्टी दाबून बसवली. किंचित तिरकी बसली. मी ती सरळ केली नाही.

मग कामं साठत गेली. नॅट, मिग-२१, एक टी-५५ रणगाडा आणि कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून कापून केलेली १:७०० ची जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत, फूटभर लांबीची. ही १९६१ साली नौदलात आलेली आणि ७१च्या युद्धात पूर्वेकडे लढलेली विक्रांत. १९९७ ला निवृत्त झाली आणि पुढं भंगारात गेली. इचलकरंजीच्या एका प्राध्यापकांनी माझं पहिलं नॅट २,५०० रुपयांना घरी येऊन नेलं. फिजिओथेरपीचे एका वेळचे ४०० रुपये होतात. वाटलं, यातून महिन्याच्या चार-सहा वेळा तरी निघतील. २०२५च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. १९६३ पासूनचं ते विमान, त्यामुळे त्याची ओढ अनेकांना होती. पुतण्या म्हणाला, काका, हीच वेळ आहे. त्यानं जुन्या वस्तू विकायच्या एका अ‍ॅपवर फोटो टाकून दिले आणि खाली माझा नंबर.

डिसेंबरात एका सकाळी साडेदहाला फोन आला. हिंदीत बोलणारा, आवाज दमदार. म्हणाला, मी सैन्यात आहे, बेळगावजवळ पोस्टिंग आहे, आमच्या मेसमध्ये ठेवायला चारही मॉडेल हवीत. बेळगाव म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला परकं वाटत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं, आमच्या भागातली किती पोरं तिथं भरती झाली. मी १८,००० सांगितले. त्यानं एक रुपया कमी केला नाही. 'अंकल, ऐसा हाथ आजकल किसके पास है,' असं म्हणाला. तीन वर्षांत डॉक्टर आणि औषधवाला सोडून माझ्याशी एवढा वेळ कुणी बोललं नव्हतं. मी त्याला विक्रांतच्या डेकवरच्या रेषा कशा ओढल्या तेही सांगितलं. मिग विकायचं नाही असं आधी ठरवलं होतं, ती तिरकी पट्टी होती म्हणून. तो म्हणाला, वो भी दे दीजिए, जवानों को अच्छा लगेगा. मी हो म्हटलं. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला स्वतःचा फोटो पाठवला. मग म्हणाला, आर्मीचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं, आधी खातं तपासावं लागतं. तुम्ही ५ रुपये पाठवा, आम्ही १० पाठवतो. मी ५ पाठवले आणि खरंच १० आले. तिथं माझा विश्वास बसला. हे १० रुपये म्हणजे आमिष असतं, हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं.

मग त्यानं क्यूआर कोड पाठवला. ९,००० रुपये अ‍ॅडव्हान्स, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. फोन चालू ठेवा, कट करू नका, लाइन तुटली तर पेमेंट अडकेल. मी स्कॅन केलं. स्क्रीनवर स्पष्ट 'पे' असं लिहिलं होतं. त्यानं सांगितलं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आमच्याकडून तसंच दिसतं. मी पिन टाकला आणि खात्यातून ९,००० गेले.

मी घाबरलो. तो घाबरला नाही, उलट माझ्यावरच जरा चढ्या आवाजात बोलला. तुम्ही उशीर केला म्हणून उलटं झालं, आता १८,००० चा दुसरा कोड पाठवतो, तो केल्यावर २७,००० एकदम परत येतील. अकरा वाजत आले होते, कूस बदलायची वेळ. खाटेवरून 'अहो' आलं. पाण्याचा सूर नव्हता आणि कूस बदलायचाही नव्हता. पुन्हा 'अहो'. फोन स्पीकरवर होता, ती सगळं ऐकत होती. डाव्या हातानं तिनं चमचा वाटीवर आपटला. मी तिला म्हटलं, थांब गं जरा. आणि पिन टाकला.

परक्या माणसानं फोन ठेवू नका म्हटलं तर मी ठेवला नाही, आणि घरच्या माणसाला थांब म्हणालो. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तिसरा कोड येतच होता, तेवढ्यात फिजिओथेरपीची मुलगी आली. माझ्या तोंडाकडं बघून तिनं फोन हातात घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि कट केला. मी म्हणालो, अगं त्याला परत लावू या, पैसे परत देतो म्हणालाय. ती म्हणाली, काका, वेळ घालवू नका, १९३० लावा. तिला वेळेची किंमत माहीत होती. हिच्या झटक्यात आमचे तास कसे गेले, हे तिनं फाइलमध्ये वाचलेलं होतं.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तिथं बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक विचारतात. तो अ‍ॅपमधल्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मला तो शोधायला दहा मिनिटं लागली, कारण हात थरथरत होते. तुम्ही आत्ताच, सगळं ठीक असताना, तो कुठं दिसतो ते बघून ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते थोपवायचा प्रयत्न होतो. चोर मात्र मिनिटांत ते पुढच्या खात्यांत ढकलतात. माझे ११,४०० रुपये एका खात्यात अडकले, बाकीचे काढून झाले होते. त्या ११,४०० साठी तेव्हा पोलिसांचा अहवाल आणि कोर्टाचा आदेश लागत होता. कागद दिलेत, वाट बघतोय. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार केली. बँकेत लेखी अर्ज दिला. तिथं सांगितलं की पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे तक्रार करण्याआधी गेलेल्या पैशांची जबाबदारी तुमची. ऐकायला कडू लागलं, पण रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांत असंच होतं. खातेदाराच्या चुकीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला कळवायला एक मिनिटही लावू नका.

नंतर रात्री मी ते ओळखपत्र मोठं करून बघितलं. चाळीस वर्षं अक्षरं रंगवली मी. कार्डावरचा छापील मजकूर जुन्या फोटोसारखा फुटलेला होता, आणि नाव मात्र धारदार, काल टाइप केल्यासारखं. नावातल्या अक्षरांमधलं अंतरही बाकीच्या मजकुराशी जुळत नव्हतं. चेहऱ्यावरचा उजेड डावीकडून, कार्डावरची चकाकी उजवीकडून. कुणाचं तरी खरं कार्ड घेऊन त्यावर नाव आणि फोटो चिकटवलेला. असं कार्ड आलं तर मोठं करा आणि नावाच्या कडा बघा.

आणखी एक खूण मला तेव्हाच दिसायला हवी होती. इचलकरंजीच्या प्राध्यापकांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं, चाकाचे पाय नाजूक असतात, पेटीत कसे बसवणार? मिगच्या नाकावर पुढं लांब सुई असते, ती केसासारखी बारीक असते, हात लागला की मोडते. ज्याला मॉडेल हवं असतं तो त्या सुईचं विचारतो. या माणसानं पेटीचं विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, कुठल्या स्क्वाड्रनचं विमान आहे ते विचारलं नाही. त्याला फक्त माझा फोन हवा होता, आणि मी फोन ठेवू नये एवढंच हवं होतं.

घरात आजारी माणूस असलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपण थकलेले असतो, झोप अर्धी झालेली असते, कुणाशी बोलायला मिळालं की बरं वाटतं. अशा वेळी आलेला फोन चाललेल्या कामाच्या मधेच घ्यायचा नाही. मी आता यूपीआयचं खातं वेगळं केलंय, त्यात २,००० च्या वर ठेवत नाही. औषधाचे आणि फिजिओचे पैसे दुसऱ्या खात्यात आहेत, ते फोनला जोडलेलं नाही. विक्री फक्त घरी येऊन नेणाऱ्याला. मिग आता विकायचं नाही.

खाटेसमोरच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत १९३० रंगवलंय. पिवळ्यावर लाल, डाव्या बाजूनं काळी शेड, चार इंची आकडे. खाली बारीक अक्षरांत, 'पैसे घ्यायला पिन लागत नाही.' ते बघून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं शटरवर काढून घेतलं, मग शेजारच्या किराणावाल्यानं. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत कुणाला दुकानावर, जिन्यात, तालमीच्या भिंतीवर हवं असेल तर सांगा. रंग माझा, पैसे नकोत. दुपारी दोन ते चार एवढ्याच वेळात येता येईल. तेव्हा शेजारच्या वहिनी हिच्याजवळ बसतात.