आर्डंट लिहू की फर्व्हंट?

गणपती जवळ आले की आमच्या परळच्या मंडळाचं इंग्रजी पत्रक तपासायला माझ्याकडे येतं. यंदा वर्गणीच्या मजकुरावर मथळा होता, 'आर्डंट अपील'. मी 'आर्डंट' खोडून 'फर्व्हंट' केलं. चिटणीसकाका म्हणाले, "अगं, दोन्हीचा अर्थ उत्कटच ना?"

डिक्शनरीत हो. वापरात थोडा फरक पडतो.

दोन्ही शब्द लॅटिनमधले. आर्डंट आला 'जळणे'वरून; जाळपोळीला इंग्रजीत आर्सन म्हणतात, तो त्याचाच भाऊबंद. फर्व्हंट आला 'उकळणे'वरून. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीला एफर्व्हेसंट म्हणतात, ते त्याच घरातलं. शेगडीवर दूध ठेवलंय असं समजा. खालची निळी ज्योत आर्डंट, वर उतू जायला आलेलं दूध फर्व्हंट.

म्हणून आर्डंट शोभतो माणसाला, त्याच्या मुरलेल्या ओढीला. आर्डंट फॅन, आर्डंट सपोर्टर. वानखेडेवर रिकाम्या स्टँडमध्ये डबा उघडून रणजीचा सामना बघणारे आजोबा आठवा, ते आर्डंट. मराठीत आपण 'कट्टर' म्हणून मोकळे होतो, पण कट्टरमध्ये हट्ट येतो, जो आर्डंटमध्ये असेलच असं नाही. 'निस्सीम चाहता' जास्त जवळचं. (जुन्या इंग्रजीत गाळलेल्या दारूला आर्डंट स्पिरिट्स म्हणत. हे काकांना सांगितलं नाही.)

फर्व्हंट लागतो तो मनातून उसळून ओठांवर आलेल्या गोष्टीला: प्रेयर, होप, अपील. आपलं 'कळकळीचं' इथे चपखल बसतं. 'फर्व्हंट सपोर्टर'ही चालतो, चूक नाही. 'आर्डंट प्रेयर' मात्र मला तरी कानाला खटकतं.

फर्व्हिडच्या नादी लागू नका. त्यात डोकं तापल्याची छटा आहे, तो कल्पनाशक्तीला वगैरे लावतात. विरोध किंवा नकार जोरदार असेल तर व्हेहमंट. आणि नोकरीच्या अर्जात? तिथे पॅशनेटची गर्दी सकाळच्या विरार लोकलइतकी, म्हणून लोक आर्डंटकडे वळतात. 'आर्डंट लर्नर' वाचून कोणी नोकरी देत नाही. काय शिकलात ते एका ओळीत लिहा, विशेषण गाळा.

पत्रक छापून आलं. वर 'फर्व्हंट अपील', खाली 'टू ऑल आर्डंट डिव्होटीज'. काकांनी फोन केला, "खालचा खोडायचा राहिला का गं?"

नाही काका, तो मुद्दाम ठेवलाय.